न फिरणारी सुरी

“आणि ह्येला धार न्हाय?” लोहारमामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही मामा. नुसतं टोक. धार अजिबात नको.”

“मग कापायचं काय ह्येनं?”

“कापायचं काहीच नाही. फेकायची आहे.”

मामांनी भट्टीचा ब्लोअर बंद केला. मी नेलेला पुठ्ठ्याचा नमुना त्यांनी उलटसुलट करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी करण्यात आयुष्य गेलेला माणूस. बिनधारेची सुरी मागणारं गिऱ्हाईक त्यांच्या दारात बहुधा पहिल्यांदाच उभं होतं. शेवटी म्हणाले, “सर्कशीत जाताय काय फिटरसायेब?”

सांगली भागात सुरी फेकायची म्हटलं की सर्कसच आठवणार, त्यात मामांची काही चूक नाही. ज्या शेतात मी हा उद्योग करतो ते दाजींचं शेत अंकलखोपपासून फार लांब नाही, आणि अंकलखोप म्हणजे सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांचं गाव. म्हैसाळची देवलांची सर्कसही याच जिल्ह्यातली. फिरत्या फळीला टेकून उभी असलेली बाई आणि तिच्याभोवती ठकाठक रुतणाऱ्या सुऱ्या, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. त्या सुऱ्या हवेत गिरक्या घेत जातात. मला हवी होती ती गिरकी न घेणारी.

माझी नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनतात तिथे. सुरी फेकायचा नाद अडीच वर्षांपूर्वी लागला, तो कसा लागला ते सांगण्यासारखं नाही. मोबाइलवर रात्री अकरा वाजता माणूस काहीही बघतो. पहिलं वर्ष मी गिरकीवालीच फेकली. त्यात सगळा हिशोब अंतराचा. अमुक पावलांवरून अर्धी गिरकी, तमुक पावलांवरून पूर्ण. जमिनीवर चुन्याची रेघ मारून तिच्यावर उभं राहिलं की सुरी टोकाने लागते, आणि पाऊलभर पुढे सरकलं की मूठ आपटून परत येते. मला त्या रेघेचा कंटाळा आला. कुठूनही उभं राहून फेकता यायला हवी, असं वाटायला लागलं आणि नो-स्पिनकडे वळलो.

नाव नो-स्पिन असलं तरी सुरी थोडी फिरतेच, पाव फेरा. हातात धरताना टोक वर, आकाशाकडे असतं. तर्जनी सुरीच्या पाठीवर सरळ लांब ठेवायची. हात खांद्यावरून खाली येताना सुरी बोटांतून निसटत पुढे जाते आणि जाताजाता तर्जनी तिच्या पाठीवरून शेपटापर्यंत, म्हणजे मुठीच्या टोकापर्यंत, घासत जाते. शेपटाला बोटाचा हा जो शेवटचा रेटा मिळतो, तो तिची गिरकी मारून टाकतो. वर असलेलं टोक समोर येईपर्यंतच ती वळते आणि तोवर लाकूड आलेलं असतं. जपानी लोक लोखंडी कांड्या, बो-शुरिकेन, अशाच फेकतात. त्यांच्याकडे या पद्धतीला जिकिदाहो म्हणतात, म्हणजे थेट मारणं. रशियात युरी फेदिन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे, तिच्यात हात लाटेसारखा सगळ्या अंगातून येतो. मी दोन्ही बघून, रशियन आणि जपानी दोन्ही न कळता, माझी एक खिचडी शिजवली होती.

त्या खिचडीने अडीच मीटरवरून दहातल्या आठ सुऱ्या रुतायच्या. तीन मीटरच्या पलीकडे गेलो की खेळ खलास. सुरी जास्त वळायची, टोक जमिनीकडे झुकायचं, शेपूट वर व्हायचं. साडेतीन मीटरवर दहातल्या तीन लागल्या तरी त्या दिवशी मी खुशीत घरी जायचो. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन लावून मोजलं. तीन मीटर जायला सुरी ६८ चित्रं घेत होती, म्हणजे पाव सेकंदाहून जरा जास्त. वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास, आमच्या गल्लीतल्या स्कुटीएवढा. एवढ्या वेळात फक्त पाव फेरा वळायचं म्हणजे सेकंदाला एक फेरासुद्धा नाही. गिरकीवाल्या फेकीत हीच सुरी सेकंदाला तीनेक फेरे घेत होती. फरक केवढा मोठा आहे ते तेव्हा आकड्यात कळलं.

माझ्या जुन्या सुऱ्या हलक्या होत्या. चार मिलीमीटर जाड पट्टीच्या, २४ सेंटीमीटर लांब, दीडशे ग्रॅम. विचार केला, सुरी जड आणि लांब केली तर ती वळायलाच तयार होणार नाही. वळायला होणारा विरोध वजनाच्या पटीत वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या पटीत. ३१ सेंटीमीटर लांब आणि साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपासची केली, तर हा विरोध जुन्या सुरीच्या पावणेचार पट होतो. कागदावर उत्तर मिळालं होतं. टूलरूममधल्या माणसाचं असंच असतं, काम बिघडलं की तो आधी हत्यार बदलतो. आपल्या हाताकडे त्याचं लक्ष शेवटी जातं.

गाडीच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, जुने पाटे भंगारात किलोवर मिळतात. मी सहा मिली जाडीचा, जीपच्या कमानीतला एक पाटा उचलला. कमानीचं पोलाद म्हणजे बहुतेक ईएन ४५, सिलिकॉन-मँगनीजचं. वाकतं, परत सरळ होतं, सहसा तुटत नाही. फेकायच्या सुरीला यापेक्षा काही लागत नाही. मामांनी तो तापवून ऐरणीवर सरळ केला आणि रात्रभर राखेत गाडून मऊ केला. मी कंपनीतून आल्यावर तीन संध्याकाळी ग्राइंडर आणि कानस घेऊन बसलो. पुढचा भाग ३० मिली रुंद, शेपटाकडे १८ पर्यंत निमुळता. टोकाचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा. तोल टोकापासून १४५ मिलीवर आला, मधोमध असण्यापेक्षा दहा मिली पुढे. तो असाच हवा होता. कडा सगळ्या घासून बोथट केल्या, पाठ पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. पाठीवर एक जरी चरा राहिला तरी दोनशे फेकींत तर्जनीची साल निघते, हे हलक्या सुरीवर शिकून झालं होतं.

मग पाणी पाजायची वेळ आली. इथे मी गाढवपणा केला. मामांनी विचारलं, “किती कडक?” मी म्हटलं, “चांगली कडक करा.”

त्यांनी लालभडक करून पाण्यात बुडवली. मी कानस मारून पाहिली. काचेवरून घसरावी तशी घसरली, एक कण निघाला नाही. मामा खूश, मी खूश. खिशातून पैसे काढताना मला कुठेतरी आत कळत होतं की हे बरोबर नाही. रोज डाय-पंच हाताळणारा माणूस मी. पाणी पाजलं की ते थोडं उतरवायचं असतं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. पण कानस घसरतानाचा तो आवाज इतका आवडला की तोंडातून शब्द निघाला नाही.

शेतावर आंब्याच्या खोडाची आडवी कापलेली चकती बांबूच्या तिकाटण्यावर बसवली होती. ४५ सेंटीमीटर व्यासाची, १५ जाडीची, उचलताना कंबर आठवते अशी. लाकडाचे तंतू आपल्याकडे तोंड करून असले की टोक त्यांच्या मधे शिरतं, तंतू बाजूला होतात आणि सुरी काढली की परत मिटतात. फळी लावली असती तर आठवड्यात भुसा झाला असता. वखारवाल्याला हे समजावताना त्याने मला ओंडका चिरून फळ्याच कशा स्वस्त पडतील ते दोनदा सांगितलं. बाभूळ नको, ती टोकं खाते. शेवगा इतका भुसभुशीत की सुरी राहतच नाही. कंपनीत मशिनच्या पेट्यांचं पाइनवुड येतं, त्याचे चौकोनी तुकडे उभे करून पट्टीने आवळले तरी छान चालतं, पण जड सुरीपुढे ते टिकेल असं वाटत नव्हतं.

सहाव्या फेकीला टोक मोडलं.

सुरी तिरकी लागली, ठक व्हायच्या ऐवजी टिंग झालं आणि सुरी पायापाशी येऊन पडली. पुढचा वीसेक मिलीचा तुकडा लाकडातच. मोडलेलं तोंड उन्हात धरून पाहिलं तर दाणा राखाडी, जाड, साखरेसारखा. म्हणजे तापवतानाही जास्त तापली होती. लाकडात गेलेला तुकडा पक्कडीने निघेना. त्याच्यावर दुसरी सुरी आपटायला नको म्हणून चकतीच उलटी करून लावली आणि तो विषय तिथे सोडला.

दुसरी सुरी करायला गेलो तेव्हा मामांना मोडका तुकडा दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला नि म्हणाले, “मोडणारच की. कुऱ्हाडीला आमी पाणी पाजून परत जरा भाजतो, निळी हुस्तवर.”

“मग हिला का नाही भाजली?”

“तुमी म्हनला, कडक करा.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

या वेळी चेरी-लाल झाल्यावर गाडीच्या काढलेल्या इंजिन ऑइलमध्ये बुडवली. मग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि तापलेल्या जाड पत्र्यावर ठेवली. पोलादावर रंग चढताना बघणं हा टूलरूममधला एकमेव फुकटचा सोहळा आहे. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि बघता बघता मोरपिशी निळा. साधारण ३०० अंशांना हा निळा येतो. मामांनी सांडशीने उचलली आणि बाजूला ठेवली. कानस मारली, जरा कुरकुरत का होईना, लागली. वजन भरलं ३४२ ग्रॅम. अशाच तीन केल्या. शेपटाला शेंदरी ऑइल पेंट लावला, त्याचं कारण पुढे येईल.

फेकायला उभं राहण्याआधी दाजींनी एक अट घातली होती, पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं. मला ते जास्तीचं वाटलं होतं. पण गावात तिन्हीसांजेला रोज ठक ठक आवाज यायला लागला की कुणीतरी विचारणारच, आणि नंतर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. पाटील स्वतःच शेतावर आले. सुरी हातात घेऊन तोलून बघितली, धार नाही बघून त्यांनाही मामांसारखंच वाटलं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची भानगड येते हे मी वाचून ठेवलं होतं, म्हणून निमुळता टोकदार भाग मी मुद्दाम सहा इंचांच्या आत ठेवला होता, रुंदी तर सव्वा इंचसुद्धा नव्हती. ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली: “शेतात काय करायचं ते करा. पण गाडीच्या डिकीत घालून फिरू नका. पोलीस कायद्यातल्या सदतीस कलमाचा मनाई हुकूम असला आणि नाक्यावर सापडलात, तर हे इंच तिथं कोन मोजत बसनार?” तेव्हापासून सुऱ्या दाजींच्या कोठीत कुलपात असतात. मी सांगलीहून रिकाम्या हाताने येतो-जातो.

चकतीच्या मागे बांधाची माती, तिच्यापुढे दुहेरी गोणपाट लोंबतं सोडलेलं. फेकताना शेजारी कुणी उभं राहायचं नाही, भाचा असला तर माझ्या मागे दहा पावलं, कुत्रं बांधलेलं. डोळ्याला कंपनीतला गॉगल, पायात सेफ्टी शूज. साडेतीनशे ग्रॅमची सुरी मूठ आपटून परत येते तेव्हा ती कुणाकडे बघून येत नाही. एकदा ती माझ्या बुटाच्या लोखंडी टोपीवर आली. चप्पल असती तर हे लिहायला मी दुसऱ्या पायावर उभा असतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी अडीच मीटरवरून जड सुरी फेकली आणि आवाजानेच मी गार झालो. हलकी सुरी ‘टक’ म्हणते. ही ‘ढप्’ म्हणाली आणि दोन बोटं आत गेली. काढायला दोन्ही हात लागले. लागोपाठ पाच. मला वाटलं, जिंकलो. तीन मीटरवर गेलो आणि सगळं उलटं झालं. हलकी सुरी जास्त वळायची, ही वळेचना. टोक वरच, आकाशाकडे, आणि पोट लाकडावर आपटून धप्पकन खाली. तीसपैकी अकरा लागल्या. मी हलक्या सुरीवर वर्षभर बोटाने गिरकी दाबायची सवय लावून घेतली होती. जडीला तेवढ्या दाबण्याची गरजच नव्हती, तर मी तिला पाव फेराही पूर्ण करू देत नव्हतो.

मग बोट सैल केलं. तर ती फिरली. परत दाबलं, अडली. चार दिवस हेच. कधी टोक वर, कधी टोक खाली, मधला रस्ता सापडेना. आणि सापडत नाही म्हटल्यावर मी तेच केलं जे कुणीही करेल: जोर वाढवला. एका रविवारी दोनशे फेकी मोजल्या. ३४२ ग्रॅमने गुणलं तर ६८ किलो होतात, तेही हात पूर्ण ताणून. सोमवारी सकाळी चहाचा कप उचलताना कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ आली की कप परत खाली ठेवला.

फिजिओथेरपिस्टनी विचारलं, कशाने झालं? मी म्हटलं, बॉलिंग करत होतो. ते म्हणाले, या वयात? मान हलवली. तीन आठवडे बंद. बर्फाचा शेक, आणि मनगट खाली-वर करायचा एक कंटाळवाणा व्यायाम. त्यांनी कोपर दाबून दाखवताना एक वाक्य सहज टाकलं: कोपराच्या आतल्या हाडाला जे स्नायू बांधलेले असतात ते मनगट पुढे वाकवायचं काम करतात, तुमचं मनगट कुठेतरी फार झटका देतंय. मी हो हो केलं आणि बसस्टॉपवर आल्यावर जागच्या जागी थांबलो. नो-स्पिनमध्ये मनगटाने झटका द्यायचाच नसतो. मनगट मुळात हललं नाही पाहिजे.

घरी येऊन जुने व्हिडिओ काढले. हलक्या सुरीच्या व्हिडिओत काही दिसेना, हात एवढ्या वेगाने येतो की शेवटच्या चित्रांत सगळा धुरळा. जडीच्या व्हिडिओत मात्र हात हळू होता, वजनामुळे. आणि तिथे ते स्वच्छ दिसलं. सुटायच्या आधीच्या पाच-सहा चित्रांत माझं मनगट विटी मारल्यासारखं पुढे मोडत होतं. दर वेळी. ती गिरकी मी स्वतःच घालत होतो आणि मग तर्जनीने ती दाबून मारत होतो. एक हात काडी लावणार, दुसरा पाणी ओतणार, असा प्रकार, फक्त दोन्ही कामं एकाच हाताची. हलक्या सुरीवर हे भांडण बोटाने जिंकलं जायचं, निदान अडीच मीटरपर्यंत. जड सुरीने ते कोपरावर नेऊन ठेवलं.

वजनाने माझा रोग बरा होणार होता. त्याने फक्त रोग दाखवला. चिडायला हवं होतं, पण मला हसूच आलं, कारण पावणेचार पटीचा तो सगळा हिशोब अजूनही बरोबर होता.

तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा सोबत मुलीची सहा इंची लाकडी पट्टी होती. ती मनगटाच्या आतल्या बाजूला, निम्मी तळव्याकडे आणि निम्मी हाताकडे ठेवून क्रेप बँडेजने गुंडाळली. दाजी म्हणाले, “आरं, फ्रॅक्चर झालं काय?” मनगट वाकायला गेलं की पट्टी टोचायची. दोन मीटरवर उभा राहिलो, एकदम जवळ, आणि फेकायचं नाही असं ठरवून नुसता हात खाली आणला. भिंतीला चुना देताना कुंचा वरून खाली ओढतात तसा. खांदा आधी, मग कोपर, मग हात. सुरी आपली आपण निसटून जाईल तेव्हा जाईल. पहिल्या दहापैकी दोन लागल्या. विसाव्या-पंचविसाव्या फेकीला एक गेली ती मला जाणवलीच नाही. हातात काही झालं नाही, झटका नाही, ताण नाही, तर्जनीवरून काहीतरी गुळगुळीत सरकून गेल्यासारखं, आणि समोर ‘ढप्’. वर बघितलं तर सुरी काटकोनात उभी. तशी दुसरी यायला त्या दिवशी अजून तासभर लागला.

मधे एक वेडेपणा करून बघितला, तो सांगून टाकतो. शेपटाला भोक पाडून ताईच्या जुन्या लुगड्याची वीतभर चिंधी बांधली, पतंगाला शेपूट लावतात तशी. जुन्या जपानी कांड्यांच्या शेपटालाही दोरा गुंडाळलेला असतो, तिथून सुचलं. सुरी अशी सरळ जायला लागली की भाचा टाळ्या वाजवायला लागला. चारही अंतरांवरून लागली. दुसऱ्या दिवशी चिंधी काढली तर मी होतो तिथेच होतो. चूक मी करत होतो आणि निस्तरत चिंधी होती. काढून टाकली. शिकायचं नसेल आणि नुसतं मारायचं असेल त्याने जरूर बांधावी.

आणि शेंदरी रंग. दाजींचा ऊस तुटला होता आणि खाली पाचट ढोपरभर पडलं होतं. चकती चुकून गेलेली सुरी त्या पाचटात शिरली की शोधायला अर्धा तास. एक तर दोन दिवस सापडली नाही, शेवटी कंपनीतलं मोठं लोहचुंबक दोरीला बांधून मी नांगरल्यासारखा रान फिरलो तेव्हा चिकटली. कोल्हापूरला मर्दानी खेळात विटा बघितलाय का? भाल्याला दोरी बांधलेली असते, फेकायचा आणि मनगटाला गुंडाळलेल्या दोरीने मागे ओढून घ्यायचा. आपल्या पूर्वजांना पाचटात शोधण्याचा अनुभव असणार, त्याशिवाय हे सुचत नाही.

आता रोज साठच फेकी. वीस किलो झाले की बंद, मग शेवटची चांगली लागो की वाईट. टूलरूमच्या जुन्या डायरीत उभ्या रेघा मारून ठेवतो. पट्टी दोन महिन्यांनी सुटली. त्यानंतरच्या पंधरवड्यात साडेतीन मीटरवर तीसपैकी बावीस, साडेचारवर तीसपैकी चौदा. साडेचार मीटरला एक नवीनच भानगड आहे. सुरी एवढा वेळ हवेत असते की ती सरळ सोडली तर जवळजवळ एक मीटर खाली येते, म्हणून नेम चकतीच्या वर, आभाळात कुठेतरी धरावा लागतो, आणि आभाळाचा नेम धरायला माझं मन अजून तयार नाही. पाच मीटरबद्दल मी सध्या कुणाशी बोलत नाही.

हलकी सुरी मधे चार महिने कोठीत पडून होती. दिवाळीच्या सुट्टीत सहज काढली. हातात घेतली तर चमच्यासारखी वाटली, वाटलं ही कुठेतरी उसात जाणार. साडेतीन मीटरवर, जिथे दहातल्या तीन लागल्या तरी मी खुशीत घरी जायचो, तिथे सहा लागल्या. तर्जनी काही दाबत नव्हती. दाबण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

डिसेंबरात चकती गेली. आंब्याचं लाकूड सुकत गेलं तशा मधल्या गाभ्यापासून भेगा पडल्याच होत्या. रात्री पाणी मारून गोणपाट टाकत होतो, तरी जड सुरी पाचरीचं काम करतेच. एका संध्याकाळी बरोबर भेगेत गेली, लाकडाने कर्रकन आवाज केला आणि चकतीचे दोन अर्धगोल तिकाटण्याच्या दोन्ही बाजूंना पडले. दाजींनी ते तिथल्या तिथे कुऱ्हाडीने फोडले. थंडी होती. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर घरातल्या सगळ्यांची आंघोळ माझ्या चकतीवर झाली.

पुढच्या रविवारी गेलो तर ताई परसात बंबातली राख चाळत होती, वांग्यांवर टाकायला. मला बघून तिने चाळणीतून काहीतरी उचललं नि माझ्यापुढे धरलं. “तुझंच असणार. वांग्यात गेलं असतं म्हणजे?”

काळा पडलेला, वीसेक मिलीचा तुकडा. पहिल्या सुरीचं टोक. रात्रभर निखाऱ्यात राहिलेलं, सकाळपर्यंत राखेत हळूहळू निवलेलं.

खिशात टाकलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाकाच्या शिकंज्यात धरून कानस मारली. लोण्यासारखी चावली.